सात घाव

३ जानेवारी

प्रिय काका,

नमस्कार. फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि तुमच्या मुलाला मधे घातलं की तो माझ्या दहा वाक्यांचं एक करून तुमच्या कानात ओरडतो. म्हणून पत्र. चाळीस वर्षं इंजिनाला कान लावून बसलात, त्याचं हे बक्षीस.

बातमी अशी की मी ठेंगणी परत जोडायला घेतली आहे. हसा खुशाल.

बाबा जाऊन आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात आईनं भंगारवाल्याला बोलावून गॅरेजचं दार उघडून दिलं. ताडपत्रीखाली विटांवर ठेवलेला तो लाल सांगाडा, दोन माणसांची गाडी, इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जमिनीवर बसायचं. आणि भिंतीभर फळ्यांवर तुमचे डबे. ब्याण्णव आहेत, मी मोजले. प्रत्येकावर तुमच्या हातची चिठ्ठी: 'गिअरचा दांडा', 'पु. डा. हब', 'मा. उ. हब'. अपघातानंतर तुम्ही स्वतःचं नवं गॅरेज पंधरा दिवस बंद ठेवून ही गाडी खोललीत, डबे भरलेत, बाबांना तिच्याकडे बघायला लागू नये म्हणून. एवढी माया करणारा सख्खा भाऊ सगळ्यांना मिळत नाही, असं आम्ही तेव्हा म्हणायचो.

भंगारवाल्यानं पहिला डबा उचलला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ठेव खाली!" आईनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच चोरी करायला आले आहे.

मी दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवते. एक दात केसभर वर राहिला तर माणसाला घास चावता येत नाही, एवढं मला कळतं. बाकीचं तुम्ही सांगा. मला ही गाडी एकदा चालवायची आहे, आईला शेजारी बसवून. बाबांनी जोडलेली गाडी रस्त्यावर नीट चालू शकते, हे तिला बघू दे. त्यांच्या हयातीत तिनं ते मान्य केलं नाही.

तुमची,
कवळीबाई


१४ जानेवारी

कवळीबाई,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचून एवढ्यांदा हसलो की सून स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी झालं.

आता नीट ऐक. आधी इंजिन. रॉकेलच्या परातीत एकेक भाग धुवायचा आणि ज्या डब्यातला त्या डब्यातच परत ठेवायचा. दोन डबे एकदम उघडलेस तर मी तुला ओळखत नाही. इंजिन हातानं फिरतंय का बघ. नाही फिरलं तर जोर करू नकोस, वरून तेल सोड आणि चार दिवस विसरून जा. पाचव्या दिवशी तेच फिरेल.

तुझे आजोबा सुतार होते. त्यांनी आम्हा दोघांना एकच शिस्त लावली: ज्याचं काम त्याचं. एका भावानं आवळलेल्या स्क्रूला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. तपासायचाही नाही, तो अपमान. म्हणून ठेंगणीची आम्ही वाटणी केली होती. पुढची बाजू माझी, मागची दादाची. मी मोटारवाला, तो घड्याळजी. त्याला मोटारीतलं ओ का ठो कळत नव्हतं, पण सांगितलेलं काम असं करायचा की बघत राहावं. स्क्रू लावताना श्वास रोखून धरायचा, आठवतं?

चिठ्ठ्यांवर पु. म्हणजे पुढचा, मा. म्हणजे मागचा, डा. आणि उ. म्हणजे डावा-उजवा; आणि हब म्हणजे चाक ज्यावर चढतं तो आटे पाडलेला मधला भाग. पुढच्या चाकांना इतक्यात हात लावू नकोस. ते मी सांगेन तेव्हा.

आईची काळजी घे.

काका (बहिरा)


२० फेब्रुवारी

प्रिय काका,

इंजिन सुरू झालं! पाचव्या दिवशी नाही, अकराव्या दिवशी फिरलं, पण फिरलं. मग कार्बोरेटर तीन वेळा खोलला. माझ्याकडच्या दात घासायच्या बारीक ब्रशनं त्याची भोकं साफ केली. परवा सकाळी धडधड सुरू झालं आणि गॅरेज धुरानं भरलं. शेजारीण खिडकीतून ओरडली, मी तिला हात हलवून दाखवला. खूप वर्षांनी इतकं बरं वाटलं.

आई काठी टेकत दारापर्यंत आली. थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "आवाज तेव्हाही असाच होता. चाक किती घावांनी बसवणार तू? सात?"

काका, हे 'सात' आमच्या घरात अजून जिवंत आहे. तुम्ही त्या वर्षी दूर गेलात, तुम्हाला त्याची कल्पना नसेल. चाकाच्या मधला तो दोन कानांचा मोठा नट तांब्याच्या हातोड्यानं सात घाव घालून आवळायचा, असं तुम्ही बाबांना सांगितलं होतं. चारही चाकांचे घाव घालायचं काम त्यांचं होतं. पहिल्याच फेरीत वळणावर पुढचं डावं चाक निघालं, गाडी कठड्यावर गेली आणि आईचा पाय गुडघ्यातून कायमचा वाकडा झाला. बाबा आयुष्यभर म्हणत राहिले, "मी सात घाव घातले होते. मोजून." आणि तुम्ही तो नट बघून म्हणालात, "दादा, चारच बसले असतील रे. होतं असं."

ते 'होतं असं' तुम्ही किती मायेनं म्हणाला होतात! पण बाबांनी ते मनावर घेतलं. घड्याळाचं मागचं झाकण लावलं की परत उघडून बघायचे. परत लावायचे, परत उघडायचे. एका गिऱ्हाइकाचं घड्याळ नऊ दिवस परत दिलं नाही. शेवटी दुकान बंद केलं आणि पंचवीस वर्षं एका गोदामात आवकजावक लिहीत बसले. इकडे भाजीत मीठ कमी पडलं तरी आई म्हणायची, "सात चिमटी घातलं होतं ना?" आम्ही हसायचो. मीही हसायचे.

मागची दोन्ही चाकं बसवली. बाबांचे हब हातात घेतल्यावर कळतं, किती नेटकं काम होतं ते. आता पुढचं सांगा.

तुमची,
कवळीबाई


३ मार्च

चि. कवळीबाई,

आशीर्वाद. इंजिन सुरू केलंस, जिंकलीस. दादा असता तर नुसता मान हलवत उभा राहिला असता.

आता माझं ऐकशील तर इथंच थांब. पुढची चाकं नुसती शोभेला लाव आणि गाडी विटांवरच राहू दे. सव्वीस वर्षांचं रबर, सव्वीस वर्षांचे ब्रेक, त्यांचा काय भरवसा? आणि वहिनीला या वयात त्या गाडीत बसवायचं म्हणजे तिच्या जखमेवरची खपली काढणं. माझ्या ओळखीत एक हौशी माणूस आहे. जशी आहे तशी, डब्यांसकट उचलून नेईल, काचेच्या खोलीत ठेवील. कुणाला त्रास नाही.

विचार कर. मी तुझ्या भल्याचंच सांगतो.

काका


१९ मार्च

प्रिय काका,

विचार केला. गाडी विकणार नाही. रबर नवीन घातलं, ब्रेक गावातल्या मेकॅनिककडून नवीन करून घेतले. फक्त पुढचे हब राहिले आहेत आणि तिथं एक अडचण आहे.

मागच्या डाव्या चाकाचा नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं आवळतो, मागच्या उजव्याचा उलटा. इथपर्यंत समजलं. पण 'पु. डा.' असं तुम्ही लिहिलेल्या डब्यातला हब बघितला तर त्याचे आटे उलटे आहेत. आणि 'पु. उ.' मधल्याचे सुलटे. म्हणजे एकाच बाजूला मागचा नट इकडे फिरतो आणि पुढचा तिकडे. असं कसं? दोन डब्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल का? की पुढचं आणि मागचं असं वेगळंच असतं?

तुम्ही चाळीस वर्षं हेच काम केलंत. तुम्ही जे सांगाल ते मी करीन. चिठ्ठीप्रमाणं लावू का?

रविवारी, ६ एप्रिलला, सकाळी दहा वाजता आईला घेऊन गाडी बाहेर काढणार आहे. त्याच वळणावरून. ती हो म्हणाली आहे, का म्हणाली ते मलाही कळलं नाही. एक साडी बाजूला काढून ठेवली आहे तिनं.

तुमच्या उत्तराची वाट बघते.

तुमची,
कवळीबाई


२७ मार्च

चि. कवळीबाई,

आशीर्वाद. चिठ्ठ्या बरोबर आहेत, मी स्वतः लिहिल्या आहेत. पुढचं आणि मागचं वेगळं असतं. चिठ्ठीप्रमाणं लाव आणि त्यात डोकं घालू नकोस, तू दात बघ.

पण गाडी बाहेर काढू नकोस असं मी परत सांगतो. फार तर अंगणात ढकलून फोटो काढा. वळणावर कशाला जायचं? जुनं ते उकरून काय मिळणार आहे? माझी तब्येत बरी नसते हल्ली, तुमच्या काळजीनं झोप लागत नाही. एवढं ऐक माझं.

काका


७ एप्रिल

काका,

काल आम्ही बाहेर गेलो नाही. घाबरू नका. म्हणजे आता तरी घाबरू नका.

तुम्हाला १९ तारखेला लिहिलं तेव्हा मला उत्तर माहीत होतं. त्याच्या आदल्या दिवशी मी दोन्ही नट घेऊन स्टेशनमागच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानात गेले होते. तिथल्या म्हाताऱ्यानं 'पु. डा.' मधला नट हातात घेऊन आट्यांवरून नुसतं बोट फिरवलं. म्हणाला, "हा उजव्या बाजूचा. डावीकडे लावलात तर गाडी धावेल तसतसा तो सुटत जाईल, बाई. उजवा उजवीकडे लावलात तर आपोआप आवळत जाईल. पुढे असो की मागे, बाजू तीच." मी विचारलं, "सात घाव घातले तर?" तो म्हणाला, "सात घाला नाहीतर सत्तर घाला."

मी तिथल्या स्टुलावर बसून राहिले. त्यानं मला पाणी दिलं.

पुढचे हब तुम्ही बसवले होते. अदलाबदल तुमच्या हातून झाली. चूक होते, मलाही कळतं. पण चाक निघाल्यावर तुम्ही तो नट हातात घेतलात तेव्हा तुम्हाला एका क्षणात समजलं असणार. त्या म्हाताऱ्याला समजलं तसं. आणि तुम्ही म्हणालात, "दादा, चारच बसले असतील रे." मग पंधरा दिवस बसून गाडी खोललीत. आम्ही त्याला माया म्हणत होतो! दुसऱ्या कुणी ती खोलली असती तर सगळं उघड झालं असतं, म्हणून खोललीत. आणि खोटं इतकं नीट सांभाळलंत की चिठ्ठ्यांवरही तेच लिहिलंत.

तरी मला वाटलं, विचारून बघू. मी तुम्हाला दार उघडं ठेवलं होतं. 'चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल का' असंसुद्धा मीच लिहिलं, तुम्ही नुसतं हो म्हटलं असतंत तरी चाललं असतं. खरं सांगायचीही गरज नव्हती. मी गप्प बसले असते काका, खरंच बसले असते. पण तुम्ही लिहिलंत, चिठ्ठीप्रमाणं लाव. मी आईला घेऊन त्या वळणावर जाणार हे माहीत असताना.

मग रविवारपर्यंत वाट बघितली. रोज पोस्टमनला विचारलं. तुम्हाला ऐकू येत नाही, पण तुमच्या मुलाला येतं. त्याच्याकडून दोन शब्दांचा फोन करवता आला असता. रविवारी दहा वाजता मी गॅरेजमधे फोन हातात घेऊन उभी होते. साडेअकरापर्यंत.

मागचे दोन्ही हब बाबांनी बसवलेले. दोन्ही बरोबर आहेत. ज्याला मोटारीतलं ओ का ठो कळत नव्हतं, त्याचे.

नोकरीला लागले तेव्हा मी सायकल घेतली. बाबांनी तिचं चाक आवळून दिलं. मी कोपऱ्यावर जाऊन सायकलवाल्याकडून ते परत आवळून घेतलं, आणि वळून बघते तर बाबा फाटकात उभे. आम्ही दोघंही त्याबद्दल कधी बोललो नाही. ते फाटक काल दिवसभर माझ्या डोळ्यासमोर होतं. माझ्या बापावर माझा विश्वास नव्हता, काका. तो तुमच्यावर होता.

आईला अजून सांगितलेलं नाही. आज सांगणार आहे.


१६ एप्रिल

चि. बाळ,

तुला कवळीबाई म्हणायचा हक्क मला राहिला नाही.

सगळं खरं आहे. नट हातात घेतला तेव्हाच कळलं होतं. माझं गॅरेज उघडून चार महिने झाले होते. पाटीचा रंग अजून ओला होता म्हण. चाक उलटं बसवणाऱ्याकडे कोण गाडी देणार? दादाचं काय, तो घड्याळजी, त्याला चाकाच्या अब्रूशी काय घेणं, असा विचार केला. एक वर्ष गेलं की सांगू म्हटलं. मग त्यानं दुकान बंद केलं आणि सांगण्याची सोयच राहिली नाही. मी गाव सोडलं, गॅरेजही इकडे हलवलं, ते त्याचं तोंड बघवत नव्हतं म्हणून.

तुला माहीत नाही असं एक सांगतो, आता लपवून काय करू. तुझा प्रश्न मी चार वेळा वाचला. पहिल्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी दादानं हातोडा हातात धरून मला हेच विचारलं होतं. "अरे, एकाच बाजूला मागचा इकडे आणि पुढचा तिकडे, असं कसं?" मी म्हणालो, "पुढचं आणि मागचं वेगळं असतं. तू घड्याळं बघ." तो हसला. वडिलांची शिस्त, भावाच्या कामावर हात ठेवायचा नाही. त्यानं मान खाली घातली आणि घाव घालायला लागला. मोठ्यानं मोजत होता. सातच होते. मी तिथंच उभा होतो, मी ऐकलेत.

६ तारखेला मी दिवसभर फोनपाशी बसून होतो. मला ऐकू येत नाही, म्हणून मुलाच्या तोंडाकडे बघत बसलो. तो तीन वेळा फोन घेऊन बोलला आणि तिन्ही वेळा मला वाटलं, आता हा माझ्याकडे वळेल. त्याला मी सांगू शकलो नाही. तो माझंच गॅरेज चालवतो. भिंतीवर माझा फोटो लावलाय त्यानं.

वहिनीला मी स्वतः येऊन सांगू का? तू म्हणशील तसं.

काका


२५ एप्रिल

भाऊजी,

मला पत्र लिहायची सवय नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मुलीनं तुमची सगळी पत्रं वाचून दाखवली. शेवटचं मी दोनदा वाचायला लावलं.

तुम्ही येऊ नका.

पाय माझा होता. त्याचं मी बघून घेईन, पाय काय, तो आता असाच जायचा. अपघात कुणाच्याही हातून होतो. पण ह्यांना मी पंचवीस वर्षं जे बोलले, ते तुम्ही माझ्या तोंडात घातलंत. जेवताना बोलले, पाहुण्यांसमोर बोलले. शेवटच्या आजारात ह्यांच्या हातून पाण्याचा पेला सुटला तेव्हासुद्धा मी म्हणाले, "धरला होता ना घट्ट, सात बोटांनी?" हे हसले. मला बरं वाटावं म्हणून हसले असतील. मी ते आता कुणाकडे जाऊन परत घेऊ?

आणि ह्यांनी तुम्हाला विचारलं होतं. मला एकदाही म्हणाले नाहीत की मी भावाला विचारलं होतं. तुमचं नाव त्यात येऊ नये म्हणून म्हणाले नसतील.

मुलीनं हब बदलून बसवले. नट मी ठोकले. तिनं स्टूल दिलं, मी बसून ठोकले, हात दुखला पण ठोकले. डाव्या चाकाला मी मोठ्यानं मोजलं. सात म्हटलं आणि तिनं मला धरलं.

'पु. डा.' ची तुमच्या हातची चिठ्ठी या पत्रासोबत परत पाठवत आहे. ह्या घरात आता तिचं काम नाही.

काल सकाळी आम्ही जाऊन आलो. मी डावीकडेच बसले. वळणावर मुलगी हळू करायला लागली, मी म्हटलं, हळू नको, ह्यांनी तेव्हा चालवली तशीच चालव.

चाक जागेवर होतं.